एका चालीवरचा शोधनिबंध : बेने इस्रायली गाण्यांवर लिहिण्याची कृती

संगीतावर शोधनिबंध लिहायचा म्हटलं की माणूस आधी ग्रंथालय गाठतो. बेने इस्रायलींच्या गाण्यांबाबत ग्रंथालयाचा नंबर दुसरा. रायगड जिल्ह्यातल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवार पाळत राहिलेला हा ज्यू समाज. 'शनिवार तेली' हे नाव त्यातूनच पडलं. सिनेगॉगमध्ये हिब्रू प्रार्थना, घरात मराठी गाणी. 1880 च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातल्या हौशी मंडळींनी कीर्तनं सुरू केली आणि हिब्रू बायबलमधली आख्यानं आपल्या हरिदासी कीर्तनाच्या घाटात बसवली, साकी-दिंडी-आर्यांसकट. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. गाणीही गेली. काही वह्यांतून, बरीचशी गळ्यांतून.

या विषयावर लिहायला हिब्रू विद्यापीठाची पदवी लागते असा समज आहे. मला तो पटत नाही. हिब्रू जाणणारा मदतनीस मिळतो. गाण्याच्या वर लिहिलेला 'चाल – अमुक' असा शेरा वाचून ती चाल गुणगुणू शकणारा माणूस मात्र जेरुसलेममध्ये सहज सापडत नाही, तो ठाण्यात किंवा साताऱ्यात सापडतो. त्याच्यासाठी ही कृती.

लागणारं साहित्य : बरा रेकॉर्डर, बंद कानांचे हेडफोन, दोन हार्ड डिस्क (एक घरी, एक दुसऱ्याच्या घरी), हार्मोनियम किंवा तंबोऱ्याचं अ‍ॅप, संमतीपत्राच्या मराठी प्रती, एक हिब्रू वाचणारा मित्र आणि साधारण वर्षभराचा धीर.

1. विषय कापा

'बेने इस्रायली संगीत : एक अभ्यास' हे शीर्षक खोडून टाका. तो पुस्तकाचा विषय आहे, आणि पुस्तकालाही जडच. एक गाणं घ्या, दोन किंवा तीन गायक घ्या, एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ मलिदा. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा घरात काही चांगलं घडलं की भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, हा या समाजाचा खास विधी. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथेही नवस बोलतात. मलिद्याच्या वेळी म्हटलं जाणारं एलियाहूचं गाणं अलिबागकडच्या घरात कसं म्हणतात आणि इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीच्या तोंडी त्याचं काय झालं, एवढा प्रश्न एका निबंधाला पुरून उरतो.

2. आधी काय झालंय ते पाहा

इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालाव्या लागतात.

पहिली वाट ज्यू संगीताच्या अभ्यासाची. अब्राहम झ्वी इडेलसोन हा या शास्त्राचा पाया घालणारा माणूस. त्याने जेरुसलेममध्ये फोनोग्राफवर येमेनी, बगदादी, इराणी, मोरोक्कन ज्यूंचं गाणं मुद्रित केलं आणि 1914 ते 1932 या काळात हिब्रू-पौर्वात्य सुरावटींचा दहा खंडांचा कोश काढला. त्या दहा खंडांत भारतातल्या ज्यूंसाठी वेगळा खंड नाही. ही उणीव तुमच्या निबंधाच्या पहिल्या पानावर नोंदवण्याजोगी आहे. पुढे 1964 साली इस्राएल आडलर यांनी हिब्रू विद्यापीठात ज्यू संगीत संशोधन केंद्र उभं केलं. 1968 पासून त्याची 'युवाल' ही निबंधमाला निघू लागली. जेरुसलेममधल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रहही त्याच काळातला, आणि त्यातलं बरंच आता घरबसल्या ऐकता येतं. भारतीय ज्यूंपैकी कोचीनच्या बायकांच्या मल्याळम गाण्यांवर याच केंद्राने 2004 मध्ये सीडी काढली. ती जरूर ऐका, कारण तिथेही सगळी मदार बायकांच्या हस्तलिखित वह्यांवर आहे. सारा मनासे यांचं बगदाद-मुंबई-लंडन या वाटेवरच्या 'शबाहोथ' स्तुतिगीतांवरचं पुस्तक 2012 चं. ते बगदादी ज्यूंविषयी आहे, बेने इस्रायलींविषयी नाही. पुण्या-मुंबईचे लेखक या दोन समाजांची सर्रास सरमिसळ करतात. पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग बगदादी परंपरेतलं, मुंबईतलं 1796 चं शाआर हाराहामीम बेने इस्रायलींचं. परीक्षक हा घोटाळा पहिल्या परिच्छेदातच पकडतो.

दुसरी वाट मराठी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला, तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. योसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. 1874 साली पुण्यात शिळाप्रेसवर मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा (वल्हांडण सणाचं पुस्तक) छापली गेली. कीर्तनाची मराठी बाजू समजून घ्यायला अ‍ॅना शुल्ट्झ यांचं मराठी राष्ट्रीय कीर्तनावरचं 2013 चं पुस्तक आहे. बेने इस्रायली गाण्यांवरही त्यांनीच काम केलं आहे. ग्रंथालयात शोधताना मात्र एका शब्दावर अडून बसू नका. सूचीत इस्राएल, इस्राईल, इस्रायल, यहुदी, ज्यू, बेने, बेनी अशी सगळी रूपं टाकून पाहावी लागतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संग्रहात तर विषयवार कपाटापेक्षा 'पदे', 'कीर्तने', 'आख्याने' अशा नावांखाली जास्त हाती लागतं.

3. ध्वनिमुद्रण

आधी वार पाहा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत फोन करू नका, रेकॉर्डर तर काढूच नका. इस्रायलची वेळ आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे आपली सकाळची दहाची वेळ तिकडे साडेसहा-साडेसात असते. तिशा बे-आवच्या, म्हणजे बिरड्याच्या सणाच्या उपासाआधीचे दिवसही टाळा. ते शोकाचे दिवस, त्यात गाणं म्हणत नाहीत.

ध्वनी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइलमध्ये घ्या. एमपीथ्री पाठवायला ठीक, जपायला नाही. पंखा बंद करा, फ्रिज दुसऱ्या खोलीत असेल तर दार लावा. सुरुवातीला फाइलमध्येच बोला : तारीख, गाव, कोण गात आहे, कोणाकडून शिकल्या. मग गाणं पूर्ण, मध्ये न थांबवता. मग तेच पुन्हा. मग शब्द नुसते बोलून. हा क्रम मोडू नका. पहिल्या गायनात ताल आणि श्वास खरे असतात, दुसऱ्यात कुठल्या जागा ठरलेल्या आणि कुठल्या आयत्या वेळी सुचलेल्या ते कळतं, आणि बोलून घेतलेल्या शब्दांशिवाय नंतर अर्ध्या ओळींवर डोकेफोड होते.

एक नाजूक गोष्ट. श्रद्धाळू ज्यू मंडळी प्रार्थनेबाहेर देवाचं नाव जसंच्या तसं उच्चारत नाहीत. नुसतं 'म्हणून दाखवताना' गायिका तिथे पर्यायी शब्द घेऊ शकते. म्हणजे तुमच्या मुद्रणातला शब्द आणि प्रार्थनापुस्तकातला शब्द वेगळा निघाला, तर तो तिचा प्रमाद नव्हे. तिलाच विचारा आणि तळटीप द्या.

संमती तीन वेगवेगळ्या घ्या : अभ्यासासाठी, संग्रहात ठेवण्यासाठी, लोकांना ऐकवण्यासाठी. एखादी आजी पहिल्या दोन्हींना हो म्हणेल आणि तिसरीला नाही म्हणेल. तो तिचा हक्क आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचे सादरीकरणावरचे हक्क वेगळे मानले आहेत आणि ते 50 वर्षं चालतात. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे 1880-90 च्या दशकांतली छापील पदं बहुधा मोकळी झालेली असतात; 1970 मध्ये कुणा मावशीने स्वतः रचून वहीत लिहिलेलं गाणं मोकळं नसतं. वहीच्या पानाचा फोटो निबंधात छापायचा तर त्यासाठी निराळी लेखी परवानगी.

4. शब्द लावा

वहीचं एक पान डोळ्यांसमोर आणा. शंभरपानी, रेघांची, कोपरे दुमडलेले. वर सणाचं नाव, त्याखाली 'चाल', त्याखाली कडवी. मजकूर देवनागरीत, पण त्यातल्या काही ओळी हिब्रू. हिब्रू अक्षरं न येणाऱ्यांसाठी देवनागरीत हिब्रू लिहायची रीत या समाजात जुनी आहे.

हा मजकूर उतरवताना तीन स्तंभ करा : वहीत जसं आहे तसं, गळ्यातून जसं आलं तसं, छापील प्रार्थनापुस्तकात असेल तर तसं. पहिल्या दोन स्तंभांना हात लावायचा नाही. वहीत 'हनाबी' (संदेष्टा) असेल आणि आजच्या इस्रायलमध्ये 'हनावी' म्हणत असतील, तर 'हनाबी'च राहील. समाजाने हिब्रू कसं उच्चारलं, किती वर्षांपूर्वी, कुठल्या गावी, याचा पुरावा त्या एका 'ब'मध्ये आहे; तो सुधारलात तर निबंधातला सगळ्यात मोलाचा भाग तुम्ही स्वतःच पुसलात. रोमन लिप्यंतरासाठी एकच पद्धत धरा : मराठीला आयएसओ 15919, हिब्रूला नियतकालिक सांगेल ती. गायिकेचा उच्चार वेगळा असेल तिथे तो स्वतंत्र दाखवा.

सणांच्या नावांचा एक तक्ताही जोडा. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पुर, बिरड्याचा सण वर आलाच. तेल अवीवमधल्या परीक्षकाला ही नावं ठाऊक असतीलच असं नाही, आणि आपल्याकडच्या परीक्षकाला त्यांच्या पलीकडचं ठाऊक नसतं.

तारखांचं गणित एकदाच नीट करा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी 79. हिब्रू वर्षातून 3760 वजा करा. रोश हशानापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी 3761. मुखपृष्ठावर नुसतं 5640 असेल आणि महिना नसेल तर '1879-80' लिहा, एकच साल लिहू नका.

5. चाल शोधा

खरं काम इथे आहे. बाकी सगळं शिस्तीचं, हे अकलेचं.

जुन्या मराठी पदसंग्रहांत पदावर राग क्वचित असतो, 'चाल' बहुतेक वेळा असते : दुसऱ्या एखाद्या पदाची पहिली ओळ. ज्या वर्षांत बेने इस्रायली कीर्तनं सुरू झाली त्याच वर्षांत, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. पदांची लाट उठली होती. तेव्हा पुढच्या काळातल्या संग्रहांत नाटकाच्या चाली भेटल्या तर नवल नाही. लावणीची, आरतीची, भजनाची, पुढे सिनेमाचीही चाल भेटेल.

करायचं असं. हाती आलेल्या सगळ्या चालींची यादी करा, वर्णानुक्रमाने. प्रत्येकीचं मूळ पद शोधा. जुन्या नाट्यपदांच्या आवृत्त्या, कीर्तनकारांचे संग्रह, 78 गतीच्या तबकड्या. मूळ सापडलं की लगेच 'हीच ती' म्हणू नका. तीन गोष्टी ताडून पाहा : ओळीच्या शेवटी सूर कुठे टेकतो, मात्रांची घडण तीच आहे का, आणि ध्रुपदाकडे परत येताना चढ-उतार कसा आहे. तिन्ही जुळल्या तर 'तीच चाल' लिहा. दोन जुळल्या तर 'त्या चालीवर आधारलेली'. एकच जुळली तर काही लिहू नका. माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या निबंधांत सगळ्यात मोठी खोड हीच असते : तीव्र मध्यम ऐकला की यमन, कोमल ऋषभ ऐकला की भैरव. साकी आणि दिंडी रागाच्या आधी आपल्या वृत्ताने ओळखल्या जातात. वृत्त आधी तपासा. शिवाय वहीतली चाल ही लिहिणाऱ्याच्या काळची असते. आज गळ्यात वेगळीच असू शकते, आणि मग ती वेगळी कधी झाली हा तुमचा प्रश्न बनतो.

या जागी मराठी अभ्यासकाला ज्यू संगीताच्या दालनात मान ताठ ठेवून शिरता येतं. चालीचं नाव वर टाकून धार्मिक पद रचायची रीत हिब्रूतही फार जुनी आहे. इस्राएल नजारा या कवीचा 'झमिरोत इस्राएल' हा संग्रह 1587 साली साफेदला छापला. त्यातल्या पदांवर तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चाली नमूद आहेत. म्हणजे नाटकाच्या चालीवर मोशेचं पद बांधणारा कोकणी कीर्तनकार परंपरेबाहेर गेला नव्हता. त्याने तुर्कीच्या जागी मराठी घेतली. हा धागा निबंधात आणा, पण दोन परिच्छेदांत आटपा. नजाराचा त्याच्यावर थेट प्रभाव होता असं ठोकून देऊ नका.

6. स्वरलिपी

मराठी किंवा हिंदी नियतकालिकासाठी भातखंडे पद्धत, परदेशी नियतकालिकासाठी पाश्चात्त्य पाच रेघांची. दोन्हींत मूळ षड्‌ज कुठला होता ते वर लिहा. ओवी किंवा संथ प्रार्थना तालात बसत नसेल तर मात्रांच्या पेटीत कोंबू नका. उभ्या रेघा काढून टाका आणि श्वासाच्या जागा दाखवा.

हिब्रू शब्द स्वरांखाली बसवणं हा 400 वर्षं जुना वैताग आहे. स्वर डावीकडून उजवीकडे, अक्षरं उजवीकडून डावीकडे. सालोमोने रॉसी याच्या 33 हिब्रू रचना 1622-23 मध्ये व्हेनिसला छापल्या तेव्हा लिओने मोदेना याच्या देखरेखीखाली वाट काढली ती अशी : स्वर नेहमीसारखे डावीकडून, त्याखाली हिब्रू शब्द मात्र अखंड, आपल्या दिशेने. कुठला शब्दावयव कुठल्या स्वरावर ते गाणाऱ्याने जुळवायचं. इडेलसोनने उलटा मार्ग धरला आणि स्वरलिपीच उजवीकडून डावीकडे छापली. वाचताना आजच्या वादकाचे डोळे फिरतात. तुम्ही दोन्ही करू नका. स्वरांखाली देवनागरी किंवा रोमन शब्दावयव घाला : ए, लि, या, हू, ह, ना, बी, प्रत्येक आपल्या स्वराखाली, लांबवलेल्या जागी अवग्रह. हिब्रू लिपीतला पाठ खाली स्वतंत्र, सलग द्या. गाणाऱ्याचीही सोय होते, जाणकाराचीही.

7. लिहा

आधी चालीचं विवेचन लिहा, मग गायकांचा परिचय, मग मागचं काम, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. सारांश 200 शब्दांच्या आसपास. गायिकेचं नाव छापायचं की नाही हे तिला विचारा. संशोधनात नावं लपवायची सवय असते, पण पिढ्यांची गाणी जपणाऱ्या बाईला नाव हवं असतं.

8. पाठवा

एका वेळी एकाच ठिकाणी. 'युवाल' आणि अमेरिकन सोसायटी फॉर ज्युइश म्युझिकचं 'म्युझिका जुडाइका' ही हिब्रू अंगाने जवळची. 'एशियन म्युझिक' आणि 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' यांना पद्धत आणि वाद हवा, नुसती माहिती नको. मराठीत लिहायचं तर गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' आहे. मागच्या दोन वर्षांचे अंक वाचल्याशिवाय पाठवू नका. तळटिपांची पद्धत, शब्दमर्यादा, ध्वनिफाइल घेतात का, सगळं तिथेच कळतं. दोन दिवसांत स्वीकृती आणि सोबत शुल्काची मागणी आली, तर ते दुकान आहे. यूजीसीने नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायचं काम आता तुमच्यावरच आहे : संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, आणि ती माणसं या विषयातली आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंच उलगडतं.

परीक्षण गुप्त असेल तर नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. फाइलच्या माहितीतून, ध्वनिफाइलच्या सुरुवातीच्या तुमच्या आवाजातून आणि 'माझ्या आधीच्या लेखात' या शब्दांतूनही काढा.

9. परीक्षक आणि प्रूफ

अभिप्राय आला की एक दिवस उघडू नका. मग तक्ता करा : त्यांचं म्हणणं, तुमचं उत्तर, बदल कुठल्या पानावर. हिब्रूचा परीक्षक लिप्यंतरावर बोट ठेवील. तिथे बहुधा त्याचं ऐका. पण त्याने 'हनाबी' दुरुस्त करायला सांगितलं तर मुद्रणाचा मिनिट आणि सेकंद देऊन नम्रपणे नाही म्हणा.

प्रूफ कागदावर छापून वाचा. हिब्रू शब्द उलटे झालेत का, स्वरचिन्हं सरकलीत का, देवनागरी जोडाक्षरं फुटलीत का, कोमल स्वरांखालच्या आडव्या रेघा गळल्यात का. या चार गोष्टी छापखान्यात हमखास बिघडतात, आणि छापून झाल्यावर त्यांची जबाबदारी लेखकाचीच मानली जाते.

10. छापून आल्यावर

मूळ मुद्रणं आणि संमतीपत्रं गुरुग्रामच्या एआरसीई या ध्वनिसंग्रहात किंवा जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याविषयी बोला. निबंध इंग्रजीत असेल तर चार पानांचा मराठी गोषवारा स्वतः लिहा आणि मुद्रणाच्या प्रतीसह गायिकेच्या घरी पोचवा, अलिबागला असो की अश्दोदला.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेजारी, चाळीत, ओळखीत एखादं बेने इस्रायली घर असेल, तर घर हलवताना निघणाऱ्या जुन्या वह्या रद्दीत जाण्याआधी एकदा विचारा. पानावर 'चाल' असं लिहिलेलं दिसलं की फोटो काढून ठेवा. निबंध कुणीतरी लिहील.